जळकी फळी, काळी भिंत : जपानचं याकिसुगी

सेतोकाठी

गेल्या रविवारी आमच्या शेजारच्या आजोबांनी घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीच्या सहा फळ्या बदलल्या. लावण्याआधी नव्या फळ्या अंगणात जाळल्या. मी ओकायामाजवळ समुद्राकाठच्या एका गावात नऊ वर्षं राहतोय, अशी काळी घरं रोज बघतो, पण फळी जाळताना पहिल्यांदाच पाहिली. म्हणून हा धागा.

या फळीला इथे याकिसुगी म्हणतात. 'याकि' म्हणजे भाजलेलं (याकितोरी, याकिसोबा खाल्लेल्यांना ओळखीचं) आणि 'सुगी' हे झाडाचं नाव.

तर आजोबांनी तीन फळ्या उभ्या जुळवून त्यांची तिकोनी नळी केली. आतली तोंडं जळणार, बाहेरची कोरी राहणार. तीन ठिकाणी तारेने आवळलं. पूर्वी गवताची भिजवलेली दोरी असायची म्हणे. नळी दोन विटांवर उभी केली, खालच्या तोंडात वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि काडी लावली. अर्धा मिनिट नुसता पिवळट धूर. मला वाटलं, विझलं. तेवढ्यात आतून भर्रर्र आवाज सुरू झाला, आपल्याकडे स्टोव्हला पंप मारल्यावर यायचा अगदी तसा, आणि वरच्या तोंडातून हातभर ज्वाळा बाहेर. लाकूड स्वतःच चिमणी आणि स्वतःच सरपण! दोन-अडीच मिनिटांनी जाड हातमोजे घालून नळी उलटी केली, म्हणजे वरचं टोकही सारखं जळावं. मग तार कापली. फळ्या तीन दिशांना उलगडून पडल्या, आतली अंगं लाल, त्यावर निळ्या ज्वाळा पळतायत. होजपाइपने पाणी. चर्रर्र. वाफ निवली तर सुसरीच्या पाठीसारखे चौकोन पडलेला चकचकीत काळा थर.

आजींनी वाळत घातलेले कपडे आधीच आत नेले होते, आणि आजोबांनी सकाळीच अग्निशमन केंद्राला फोन करून ठेवला होता, नाहीतर धूर बघून बंब दारात.

काढलेली एक जुनी फळी मी उलटून बघितली. मागची बाजू कोरी, तिच्यावर पेन्सिलीने लिहिलेलं : शोवा ४१. म्हणजे १९६६. वरच्या भागावरचा कोळसा अजून शाबूत. खालच्या वीतभर भागात मात्र कोळसा धुऊन गेलेला, लाकूड राखाडी पडलेलं, आणि नखाने दाबलं तर नख आत जात होतं.

प्रश्न विचारा, माहीत असेल ते सांगतो.

चिवडाप्रेमी

मस्त लिहिलंय! पण फोटो?? फोटोशिवाय धागा म्हणजे फोडणीशिवाय वरण.

सेतोकाठी

आजोबांच्या घराचे फोटो टाकणं बरोबर नाही. फळीचा एकटीचा टाकतो जमलं की.

मृदगंधा

माझं क्षेत्र वास्तुकला. हे आमच्याकडे गेली काही वर्षं 'शोऊ सुगी बान' या नावाने येतंय. कॅटलॉगमध्ये, रीळमध्ये, क्लायंटच्या मोबाइलमध्ये, सगळीकडे. याकिसुगी आणि हे एकच ना?

सेतोकाठी

एकच. 'शोऊ सुगी बान' शेजारच्या आजोबांना ऐकवलं तर त्यांना कळणारच नाही. त्याची गंमत अशी : 焼杉板 ही तीन चित्राक्षरं. जपानीत एका अक्षराचे दोन उच्चार असतात, एक देशी आणि एक चिनी वळणाचा. पहिल्याचा देशी उच्चार 'याकि', चिनी वळणाचा 'शोऊ'. शेवटचं अक्षर 'इता' किंवा 'बान'. इथला माणूस 'याकिसुगी-इता' वाचतो. बाहेरच्या कुणीतरी पहिलं अक्षर एका पद्धतीने, दुसरं दुसऱ्या, तिसरं परत पहिल्या पद्धतीने वाचलं, आणि तेच नाव जगभर गेलं. आपल्या शिवचं 'सायन' झालं, तसंच.

चिवडाप्रेमी

म्हणजे नाव चुकीचं आणि भाव दुप्पट. ओळखीचं वाटतंय.

अण्णा_रंधेवाले

आमच्या घरात तीन पिढ्या सुतारकाम. एक सांगतो, हे अगदीच परकं नाही. कुंपणाचे खांब पुरायच्या आधी आमचे आजोबा जमिनीत जाणारं टोक जाळून घ्यायचे, मग वर डांबर. कारण विचारलं तर म्हणायचे, "वाळवीला कोळसा गोड लागत नाही." पण अख्खी भिंत जाळलेल्या फळ्यांची, हे पहिल्यांदा ऐकतोय. फळी वाकत नाही का? एका बाजूने शेकली की ती पापडासारखी वळणार.

सेतोकाठी

अण्णा, वाकते. थोडी. म्हणून आजोबा पाणी मारल्यावर फळ्या सपाट ठेवून वर दगड ठेवतात. पण मुळात सुगी हलकं आणि सरळ रेषांचं लाकूड आहे. त्याची घनता पाण्याच्या जेमतेम ४० टक्के. दोन मीटरची फळी मी एका हाताने उचलली. सागवान असतं तर कंबर धरली असती.

अण्णा_रंधेवाले

सागवान कशाला जाळता देवा. त्याच्या अंगातच तेल आहे, त्याला वाळवी आपणहून सोडते. जाळायचं ते गरिबाचं लाकूड.

सेतोकाठी

बरोबर पकडलंत. इथे हे गरिबाचंच काम होतं. सुगी भरपूर, स्वस्त, मऊ. रंग महाग. मग आगीनेच रंगवलं.

टोकियोची_नलू

सुगीचं नाव काढलंत आणि मला शिंक आली. खरंच. या झाडाच्या परागकणांनी फेब्रुवारी ते एप्रिल इथे निम्मं ऑफिस मास्क आणि थेंबांवर असतं. महायुद्धानंतर घरं बांधायला लाकूड हवं म्हणून सरकारने डोंगरच्या डोंगर सुगी लावले. मग परदेशी लाकूड स्वस्त पडायला लागलं आणि ती झाडं कापायचीच राहिली. जपानच्या एकूण जंगलातलं ४० टक्के जंगल असं लावलेलं आहे, आणि त्यात सगळ्यात जास्त सुगी. तेव्हा माझ्यातर्फे आजोबांना सांगा, हवी तेवढी जाळा.

दवबिंदू७१

नलूताई :D

सीडरचं लाकूड म्हणतात ना याला? म्हणजे आपला देवदार?

जुना_फौजी

नाही. देवदार खरा सीडर. सुगीला इंग्रजीत जपानी सीडर म्हणतात एवढंच, तो सायप्रस नावाच्या झाडाच्या कुळातला. शास्त्रीय नाव क्रिप्टोमेरिया जॅपोनिका.

आणि हे झाड बघायला जपानला जायला नको. माझी एक पोस्टिंग दार्जिलिंगकडे होती. तिथे रस्त्याच्या दोन्ही अंगांना धुक्यात उभी असलेली जी उंच, सरळ, काळपट झाडं दिसतात, टॉय ट्रेनच्या प्रत्येक फोटोत असतात, ती हीच. इंग्रजांनी लावली. स्थानिक लोक त्याला 'धुपी' म्हणतात. तिथली जुनी लाकडी घरं धुपीच्याच फळ्यांची. पण कुणी जाळलेली पाहिली नाही, रंग देतात किंवा तशीच ठेवतात.

सेतोकाठी

वा, हे माहीत नव्हतं. धुपी. आजोबांना सांगतो.

मृदगंधा

आता जरा तांत्रिक. क्लायंटला सांगितलं जातं की ही फळी ८० ते १०० वर्षं टिकते, कीड लागत नाही, कुजत नाही आणि आग लागत नाही. यातलं खरं किती?

सेतोकाठी

मी मटेरियल इंजिनियर आहे, लाकडाचा नाही, पण कामाच्या निमित्ताने कोळशाशी संबंध येतो. जमेल तसं सांगतो.

लाकडात मुख्यतः तीन गोष्टी : सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. तापवत गेलं की आधी मोडतं हेमिसेल्युलोज, २०० अंशांच्या पुढे. मग सेल्युलोज. लिग्निन सगळ्यात चिवट, ते हळूहळू कोळशात जातं. बुरशीला खायला सोपी ती पहिली दोन. त्यामुळे वरच्या कोळशाच्या थरात बुरशीला खायला काही उरत नाही. इथवर जाहिरात खरी.

पण हा थर काही मिलिमीटरचाच. त्याच्या खाली तेच कच्चं लाकूड, मागेही तेच. आणि त्या सुसरीच्या चौकोनांमध्ये भेगा असतात. भेगेतून पाणी आत गेलं आणि आतच राहिलं तर फळी कुजते. शोवा ४१ची फळी खालून कुजली ती अशीच. तिथे पागोळ्यांचे शिंतोडे उडतात.

मग वरचा भाग का टिकला? माझ्या मते याचं श्रेय कोळशाला निम्मंच. बाकी निम्मं तीन गोष्टींना. भिंतीच्या बाहेर हात-दीड हात आलेली कौलांची वळचण. जमिनीपासून वर उचललेलं दगडी जोतं. आणि फळीच्या मागे सोडलेली फट. फळी भिजते आणि दोन्ही अंगांनी वाळते. कॅटलॉगमध्ये या तिन्ही गोष्टी नसतात, फक्त काळा रंग असतो.

मृदगंधा

आणि वळचण काढून टाकणं हेच आधुनिक घराचं पहिलं काम! मी स्वतः काढलेली आहे, कबूल. आगीचं काय?

सेतोकाठी

कोळसा उष्णता नीट वाहून नेत नाही, म्हणून जळणाऱ्या लाकडावर तो पांघरुणासारखा बसतो आणि आतल्या लाकडाचं जळणं मंदावतं. जाड तुळई आगीत टिकते ती यामुळे. मऊ लाकूड मिनिटाला साधारण ०.७ मिलिमीटर या वेगाने आत जळत जातं, त्यामुळे दहा इंची तुळईला वेळ मिळतो. पण फळी आहे पंधरा-वीस मिलिमीटरची. ठिणगी पडली तर कोऱ्या फळीपेक्षा उशिरा पेटेल, एवढंच. तिच्या भरवशावर घर सोडता येणार नाही.

जुन्या घरांत आग अडवते ती फळीमागची मातीची भिंत. बांबूच्या कामट्यांची जाळी, तिच्यावर दोन्ही बाजूंनी पेंढा मिसळलेल्या मातीचा लेप.

कुडाळची_पोर

अय्या, हा तर कुड!

सेतोकाठी

कुडच. पहिल्यांदा एका पडक्या घराची उघडी भिंत बघितली तेव्हा मी रस्त्यात उभा राहून हसलो होतो.

आणि फळी कशासाठी हेही तिथेच कळतं. मातीला पावसाची झड लागू नये म्हणून फळी. वर वळचणीखाली पांढरा चुना, खाली माणसाच्या उंचीपर्यंत किंवा जरा वर काळ्या फळ्या. फळी हा घराचा रेनकोट. फाटला की बदलायचा.

कुडाळची_पोर

आमच्याकडे जुन्या मातीच्या घरांना पावसाळ्यापुरती माडाच्या झावळ्यांची झापं बांधायचे ना, पश्चिमेच्या अंगाला? तोच विचार. आमची झापं एका पावसाची, त्यांची फळी ५० वर्षांची, हा फरक म्हणा.

खिडकीजवळची_सीट

मला यातलं तांत्रिक काही कळत नाही पण मी नाओशिमाला जाऊन आलेय, म्हणून लिहिते. ओकायामाहून ट्रेनने उनो बंदर आणि तिथून वीसेक मिनिटं बोट. बेट कलाकृतींसाठी प्रसिद्ध. पण मला होन्मुरा नावाच्या जुन्या वस्तीतल्या गल्ल्या जास्त आवडल्या. दोन्ही बाजूंना काळ्या फळ्यांची घरं, मधूनच पांढरा चुना.

तिथे 'मिनामिदेरा' म्हणून एक इमारत आहे. पूर्वी देऊळ होतं त्या जागेवर वास्तुकार तादाओ आंदोने १९९९ मध्ये बांधली. काँक्रीटसाठी प्रसिद्ध असलेला माणूस, पण इथे गावाला शोभेल म्हणून अख्खी इमारत जळक्या लाकडाची. आत जेम्स टरेल या उजेडाशी खेळणाऱ्या कलाकाराचं काम आहे. आत म्हणजे मिट्ट काळोख. हाताने भिंत चाचपत जाऊन बाकावर बसायचं. पाच-सात मिनिटं काही म्हणजे काही दिसत नाही, मी तर मनात रामरक्षा सुरू केली होती. मग हळूहळू समोर फिकट उजेडाचा चौकोन जाणवायला लागतो. तो उजेड पहिल्यापासून तिथेच असतो म्हणे, आपले डोळे उशिरा पोचतात. बाहेर आल्यावर त्या काळ्या भिंतीला हात लावला आणि पांढऱ्या कुर्त्याला पुसला. कुर्ता गेला.

चिवडाप्रेमी

कुर्त्याला श्रद्धांजली. पण मग रोजच्या घरात हात काळे होतच असतील? पोरंबाळं असतात.

सेतोकाठी

नव्या फळीचे होतात. म्हणून हल्ली बरेच जण ब्रश मारून वरची काजळी काढलेली फळी घेतात. तारेच्या ब्रशने घासलं की मऊ भाग निघून जातो आणि वर्षावलयांच्या कडक रेघा उठून दिसतात, सुंदर दिसतं. पण घासलं की तोच जाड थर गेला की हो! उरतं ते तपकिरी लाकूड. त्याला मग तेल लावा, चार वर्षांनी परत लावा. आजोबा अशा फळीला नाक मुरडतात.

जुनी काळी घरं म्हणजे सगळीच याकिसुगी, असंही नाही. मात्सुमोतोचा किल्ला काळाभोर दिसतो तो लाखेसारख्या जपानी उरुशीने, जाळून नाही. ही फळी मुख्यतः पश्चिम जपानची, सेतो या इथल्या आतल्या समुद्राच्या दोन्ही काठांची. टोकियोकडची जुनी घरं वेगळी.

मृदगंधा

आंदोचं आलं म्हणून फुजिमोरीचं नाव घेते, नाहीतर अन्याय होईल. तेरुनोबू फुजिमोरी, जन्म १९४६, मूळचा वास्तुइतिहासाचा अभ्यासक. स्वतःची पहिली इमारत बांधली थेट १९९१ मध्ये. याकिसुगीला आधुनिक वास्तुकलेत आणण्यात त्याचा मोठा हात. नागानोमध्ये त्याचं एक घर आहे, नावच 'याकिसुगी हाऊस', २००७चं. त्यासाठी नेहमीपेक्षा कितीतरी लांब फळ्या त्याने आणि मित्रमंडळींनी स्वतः जाळल्या, अगदी तुम्ही सांगितलेल्या तीन फळ्यांच्या नळीने. कंत्राटदार नको, मित्र आणि जेवण. आपल्याकडे शाकारणीला गाव जमायचं तसं.

टोकियोची_नलू

ओइताचं लामुने ओन्सेन त्याचंच ना? २००५चं. गेलेय! काळ्या फळ्या आणि पांढऱ्या चुन्याचे उभे पट्टे, झेब्र्यासारखे, आणि छताच्या टोकावर चक्क छोटी पाईनची झाडं. पाण्यात नैसर्गिक कार्बन डायऑक्साइड आहे, अंगभर बारीक बुडबुडे चिकटतात. लामुने म्हणजे इथला गोळीसोडा. इमारत बघून पोरं ओरडतात, मोठी माणसं फोटो काढतात.

एकटा_जीव_पुणे

आता माझी रडकथा. कौतुक वाचून बरं वाटलं पण मी पोळलेला आहे, शब्दशः.

गच्चीवरच्या खोलीला बाहेरून लावायला म्हणून मी पॅकिंगच्या खोक्यांचं पाईन आणलं आणि गॅसच्या टॉर्चने घरीच जाळलं. व्हिडिओत माणूस टॉर्च फिरवतो, फळी काळी होते, माणूस हसतो. माझ्या फळीतल्या गाठींमधून राळ फसफसून उडाली, मनगटावर अजून डाग आहे. फळ्या वाकल्या. तरी स्क्रूने दाबून लावल्या. पश्चिमेची भिंत. दोन उन्हाळे गेले आणि काळ्याची झाली करडी, मधे मधे पिवळी. मग एका विक्रेत्याने 'कायमचं सीलर' म्हणून काहीतरी विकलं, ते पावसाळ्यात सोलून लोंबायला लागलं. कुठे चुकलं?

सेतोकाठी

दादा, मनगटाची काळजी घ्या आधी.

टॉर्चने फळी वरवर करपते, जळत नाही. अर्धा मिलिमीटर काळं झालं की डोळ्याला भिंत काळी दिसते आणि आपण थांबतो. नळीत तिन्ही फळ्या एकमेकींना तापवतात, उष्णता कोंडली जाते, म्हणून थर खोल जातो. जाड कोळशाला उन्हाचं काही पडलेलं नसतं, पण करपलेल्या पातळ थराखालचं लाकूड उन्हाने करडं पडतं आणि पावसाने धुपतं. सीलरने तर फळीचं वाळणंच बंद केलं, आत अडकलेलं पाणी बाहेर पडताना त्याला सोलून काढणारच.

अण्णा_रंधेवाले

आणि खोक्याचं पाईन म्हणजे गाठींचं गाठोडं. ते सरपणाचंच. अर्धवट जाळून त्याचा अपमान केलात.

एकटा_जीव_पुणे

अण्णा, जखमेवर मीठ ठीक आहे, राळ नको.

दापोलीचा_दादू

धागा पहिल्यापासून वाचतोय. आमच्या आगरात नवीन दोन खोल्या काढतोय, चिऱ्याच्या. पश्चिमेकडची भिंत समुद्राच्या वाऱ्याला तोंड देऊन आहे. तिला बाहेरून अशा फळ्या लावाव्यात असं माझ्या भाच्याच्या डोक्यात आलंय. जपानमध्येही समुद्रच, इथेही समुद्रच. चालेल का?

सेतोकाठी

समुद्र सारखा, पाऊस नाही. सेतोचा हा आतला समुद्र दोन्ही बाजूंनी डोंगरांनी झाकलेला आहे, त्यामुळे जपानच्या मानाने इथे पाऊस कमी. ओकायामात वर्षाला साधारण ११०० मिलिमीटर. तुमच्याकडे ३००० च्या वर, तोही चार महिन्यांत, आडवा. इथली फळी भिजली की दोन दिवसांत वाळते. तुमच्याकडे जुलैत ती वाळणार कधी? म्हणून इथे टिकली तर तिथे टिकेलच, असं मी म्हणणार नाही.

शिवाय चिऱ्याला रेनकोट लागतोच का, हा प्रश्न आहे. इथे मातीची भिंत वाचवायला फळी आली. तुमची भिंत आधीच दगडाची.

अण्णा_रंधेवाले

हे मात्र खरं बोललात. दादू, भाच्याला म्हणावं आधी वळचण वाढव. आणि लाकूडच लावायचं असेल तर होड्यांना लावतात ते काजूच्या टरफलाचं तेल लाव, कोकणात ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय.

दापोलीचा_दादू

भाचा म्हणतो, तेल लावलेलं इन्स्टावर चांगलं दिसत नाही.

मृदगंधा

तर मग एक मधला मार्ग. घराला नको, पंपाच्या खोलीला लावा. एकच भिंत, पश्चिमेचीच. काय व्हायचं ते तिथे होऊ दे. मीही क्लायंटला आता हेच सांगणार आहे, आधी कंपाउंडचं गेट, मग बघू.

दापोलीचा_दादू

पंपाची खोली चालेल. लाकूड कुठलं?

अण्णा_रंधेवाले

सरळ रेषांचं, कमी गाठींचं, हलकं. आणि वर्षभर सावलीत वाळलेलं. ओलं जाळलंत तर नुसती वाफ होईल आणि फळी तडकेल. पाऊण इंचाच्या खाली जाऊ नका.

सेतोकाठी

आणि फळ्या भिंतीला चिकटवू नका. आधी उभ्या-आडव्या पट्ट्या मारा, मागून बोटभर हवा खेळू दे. वाळवीला वर चढायला वाट नको म्हणून जमिनीपासून हातभर उंच. कापलेली टोकं पुन्हा जाळून घ्या, सगळ्यात आधी पाणी तिथून शिरतं. आणि खालची फळी आडवी, वेगळी ठेवा, स्क्रूने लावलेली. खिळ्याने नको.

दापोलीचा_दादू

खालची वेगळी का?

सेतोकाठी

ती आधी जाणार. आजोबांनी परवा बदललेल्या सहाही फळ्या एकसंध, वरपासून खालपर्यंत होत्या. वीतभर कुजकी म्हणून अख्खी चांगली फळी काढावी लागली. विचारलं, तर म्हणाले वडिलांनी तशी लावली होती.

दापोलीचा_दादू

कळलं. स्क्रू स्टेनलेसचे ना?

सेतोकाठी

स्टेनलेसचेच. खाऱ्या वाऱ्यात साधे दोन वर्षं पण टिकणार नाहीत.

चिवडाप्रेमी

आणि जाळायच्या दिवशी वहिनींना कपडे आत घ्यायला सांगा.